ऑनलाइन दुकान: शॉपिफायसारखं भाड्याचं घ्यावं की वूकॉमर्सवर स्वतःचं बांधावं?

रातांबा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी आणि माझी जाऊ सावंतवाडीजवळच्या एका गावातून कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया विकतो. आत्तापर्यंत सगळा कारभार व्हॉट्सॲप आणि एका लांबट वहीवर. "ताई, मागच्या वेळी घेतलं होतं तेच पाठवा" असा मेसेज येतो आणि मी अर्धा तास बोटाने वर सरकवत बसते की यांनी मागच्या वेळी घेतलं काय होतं. गणपतीच्या आधी तर कहर झाला. पुण्याचं पार्सल ठाण्याला आणि ठाण्याचं पुण्याला. दोघांनीही समजून घेतलं, पण दोन्ही वेळचा टपालखर्च आमच्या अंगावर आला.

भाचा म्हणतो शॉपिफाय घे. त्याचा मित्र म्हणतो वूकॉमर्स घे, फुकट आहे. महिन्याला साधारण चाळीस ऑर्डरी असतात, सरासरी साडेआठशे रुपयांची एक. मला कोडिंग येत नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही. मुळात हे 'क्लाउडवरचं दुकान' म्हणजे काय, आणि माझी गिऱ्हाइकं त्यात कुणाच्या ताब्यात असतात, हे कुणी समजावून सांगेल का?

पेठेतला | सोमवार, रात्री १०:३१

अमेझॉनवर टाका की सरळ. डोक्याला ताप नाही.

सर्व्हरवाला_नाना | सोमवार, रात्री ११:०५

पेठेतले, ताप आहे, फक्त वेगळ्या जागी. तिथे विकलेल्या मालाचं गिऱ्हाईक त्यांचं असतं. बाईंना परत कुळीथ पीठ घ्यायचं झालं की त्या 'कुळीथ पीठ' असं शोधणार आणि समोर दहा जणांचं पीठ येणार. रातांबाताईंचं नाव त्यांच्या लक्षातही राहणार नाही.

ताई, क्लाउड हा शब्द ऐकून बिचकू नका. मार्केट यार्डातला गाळा डोळ्यांसमोर आणा. इमारत, लाइट, पाणी, रात्रीचा वॉचमन सगळं मालकाचं. तुम्ही भाडं भरता, पाटी लावता, माल मांडता. शॉपिफाय, बिगकॉमर्स ही या जातीची. फरक इतकाच की लाखो गाळ्यांमागे एकच यंत्रणा चालते. सॉफ्टवेअर एक, त्याच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक दुकानाचे कप्पे वेगळे. सुरक्षेची एखादी फट बुजवली की ती सगळ्यांचीच एकदम बुजते, तुम्हाला कळतही नाही. तुमच्या यादीतला माल, फोटो, गिऱ्हाइकांचे पत्ते त्यांच्या यंत्रांवर असतात, तुमच्या लॅपटॉपवर नाही. लॅपटॉप ओहोळात पडला तरी दुकान चालू.

वूकॉमर्स म्हणजे स्वतःच्या प्लॉटवर घर. वर्डप्रेस नावाच्या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडायचं ते प्लगइन, म्हणजे जोड-तुकडा, आहे, २०११ मध्ये आलं, २०१५ मध्ये वर्डप्रेसवाल्या ऑटोमॅटिक कंपनीने विकत घेतलं. सॉफ्टवेअर खरोखर फुकट आहे. पण प्लॉट, म्हणजे होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा), विकत. गवंडी विकत. आणि पावसाळ्यात कौलं शाकारायला दर वर्षी माणूस लागतो, तोही विकतच.

गूळपोळी | सोमवार, रात्री ११:४०

नानांना +१, आणि कौलं न शाकारल्याचा अनुभव माझा घ्या. आमचं दिवाळीच्या फराळाचं काम आहे. वूकॉमर्सवर साइट केली, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) घेतलं. अकरा महिने छान चाललं. वसुबारसेच्या संध्याकाळी एका ग्रुपवर आमची लिंक फिरली, आणि तासाभरात साइट झोपली. होस्टिंगवाल्याचं उत्तर आलं की तुमच्या प्लॅनची मर्यादा संपली. केव्हा आलं, तर लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी! चकल्या पिंपात भरून तयार आणि ऑर्डर घ्यायला दारच नाही. सरतेशेवटी फोनवर जेवढ्या घेता आल्या तेवढ्या घेतल्या.

दोष वूकॉमर्सचा नव्हता, आमच्या कंजूषपणाचा होता. पण ज्याला फराळ करायचाय त्याने सर्व्हर का सांभाळावा?

ओटाव्यातली_थंडी | मंगळवार, सकाळी ७:१८

आमच्या गावचा विषय निघालाय म्हणून लिहिते (इथे अजून सोमवारची रात्र आहे). शॉपिफाय ही इथलीच, कॅनडातल्या ओटावाची कंपनी. तिची जन्मकथा या धाग्याला अगदी लागू आहे.

टोबी ल्युटके हा जर्मनीतल्या कोब्लेंझचा प्रोग्रॅमर इथे आला, आणि त्याने दोन भागीदारांबरोबर २००४ मध्ये स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळ्या, विकायचं ऑनलाइन दुकान काढलं. नाव स्नोडेव्हिल. त्या वेळी मिळणारी दुकानाची सॉफ्टवेअरं त्याला पसंत पडेनात, म्हणून रुबी ऑन रेल्स या वेबसाइट लिहायच्या, तेव्हा अगदी नव्या चौकटीत स्वतःच लिहून काढलं. पुढे लक्षात आलं की फळ्यांपेक्षा दुकानालाच जास्त मागणी येईल. २००६ मध्ये तेच शॉपिफाय म्हणून बाजारात आलं. २००९ मध्ये ॲप स्टोअर आलं, म्हणजे बाहेरच्या लोकांनी बनवलेले जोड-तुकडे दुकानाला लावायची सोय. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. २०२४ च्या ब्लॅक फ्रायडेच्या चार दिवसांत त्यांच्या सगळ्या दुकानांची मिळून विक्री ११.५ अब्ज डॉलर होती.

मात्र कल्पना त्यांची पहिली नव्हे. १९९५ मध्ये अमेरिकेत व्हायावेब नावाची कंपनी निघाली होती. ब्राउझरमध्ये बसून दुकान बांधायचं, सॉफ्टवेअर त्यांच्या सर्व्हरवर. तेही लिस्प नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं! १९९८ मध्ये याहूने ती सुमारे ४९ दशलक्ष डॉलरच्या शेअर्सना घेतली आणि तिचं याहू स्टोअर झालं.

मालक बदलतात, मालकांचं मनही बदलतं. खुद्द अमेझॉनचीही अशी भाड्याच्या दुकानांची सेवा होती, वेबस्टोअर नावाची. २०१५ मध्ये त्यांनी ती गुंडाळायची ठरवली आणि दुकानदारांना चक्क शॉपिफायकडे जायला सांगितलं. टेक्सासची व्होल्यूजन १९९९ पासूनची, एके काळी या धंद्यात मोठं नाव. २०२० मध्ये तिने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं. आणि जानेवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटलवर, म्हणजे संसदभवनावर, हल्ला झाल्यावर शॉपिफायने ट्रम्प यांच्याशी संबंधित दुकानं आपल्या अटींवर बोट ठेवून बंद केली. ते योग्य की अयोग्य यावर इथे वाद नको, त्यासाठी राजकारणाचा विभाग आहे. पण गाळेमालक शटर ओढू शकतो एवढं त्यातून कळतं.

मोडीवाचक | मंगळवार, सकाळी ९:०२

चर्चा उपयुक्त. पण शॉपिफाय, प्लगइन, होस्टिंग... मराठी संस्थळावर एवढं इंग्रजी? 'मेघाधारित विक्रीप्रणाली' म्हणता येईल की.

वाडीतलो_झील | मंगळवार, सकाळी ९:१०

मेघ आमच्याकडे जूनात येता नि लाइट घेवन जाता. बाय गो, दुकान घालूचा असात तर आदी कुरियरवाल्याक इचार, तो तुझ्या वाडीर येता काय नाय ता.

सर्व्हरवाला_नाना | मंगळवार, सकाळी ९:२५

झीलभाऊंनी एका ओळीत धागा संपवला. तरीही पैशाचं बोलू.

ताईंचे आकडे घेऊन हिशेब करतो. भाडं महिन्याला दोन हजार धरा. प्लॅन आणि भरण्याची पद्धत यावर कमीजास्त होईल, स्वतः तपासा. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात मिळत नाही, त्यामुळे रेझरपेसारखा बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) जोडावा लागतो. आणि बाहेरचा गेटवे जोडला म्हणून शॉपिफाय बेसिक प्लॅनवर प्रत्येक व्यवहाराचे २ टक्के वेगळे घेतं. ही मेख जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नसते.

म्हणजे साडेआठशेच्या ऑर्डरवर शॉपिफायचे १७ रुपये. गेटवेचे २ टक्के म्हणजे आणखी १७, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २० धरा. झाले ३७. दोन हजार भाडं चाळीस ऑर्डरींत वाटलं की प्रत्येकी ५०. एकूण ८७ रुपये, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. यात कुरियर नाही, खोका नाही, बाटली नाही. ऑर्डरी दोनशे झाल्या तर भाड्याचा वाटा दहा रुपयांवर येतो आणि सगळं मिळून साडेपाच टक्के पडतं.

यूपीआयवर एमडीआर (दुकानदाराकडून घेतलं जाणारं व्यवहारशुल्क) जानेवारी २०२० पासून शून्य आहे हे खरं, पण गेटवे स्वतःचं सेवाशुल्क लावू शकतात. करार वाचा. चाळीस ऑर्डरींना गाळा थोडा महाग आहे, एवढंच म्हणतो.

हिशोबनीस | मंगळवार, दुपारी १:४०

सीए आहे, फुकट सल्ल्याची सवय नाही, पण कोकमासाठी अपवाद.

रातांबाताई, तुम्ही सॉफ्टवेअर निवडताय, पण खरा प्रश्न तुमचं पार्सल महाराष्ट्राबाहेर जातं का हा आहे. फक्त राज्यात माल विकत असाल तर जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची उलाढाल. पण करपात्र माल बेळगावला किंवा पणजीला विकला की ती आंतरराज्य विक्री. तिथे उलाढाल कितीही असो, पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, आगळाला नाही. आणि कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल तर राज्याबाहेर विकताच येत नाही. तुमच्यासाठी पणजी सावंतवाडीहून पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, पण कायद्याला अंतर नाही, हद्द कळते.

स्वतःच्या साइटवरून विकताना टीसीएस (विक्रीच्या पैशांतून आधीच कापून घेतला जाणारा कर) कापला जात नाही. दुसऱ्याच्या बाजारपेठेवर विकलं तर ती बाजारपेठ कापते, जुलै २०२४ पासून अर्धा टक्का.

वेबसाइटवर प्रत्येक बंद पाकिटाची एमआरपी, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि मूळ देश दिसला पाहिजे. वजनमापाच्या नियमांत हे २०१८ पासून आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, चौदा आकडी क्रमांकही लावा. शिवाय ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० मध्ये आलेत. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. भाड्याचं सॉफ्टवेअर यातलं काहीही आपणहून भरत नाही. रकाने असतात, भरायचे तुम्ही.

चप्पलकार | मंगळवार, रात्री ९:५५

आमचा कोल्हापुरी चपलांचा पिढीजात धंदा. भाड्याचं दुकान तीन वर्षं वापरलं, मग वूकॉमर्सवर गेलो, आता परत भाड्याच्यात. म्हणजे दोन्ही सासुरवाड्या पाहून झाल्या.

पहिली गोष्ट: डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने घ्या. आमची पहिली साइट ओळखीतल्या एका पोराने केली. चांगला पोरगा होता. पण डोमेन त्याने स्वतःच्या खात्यात घेतलं. पुढे तो नोकरीला बाहेर गेला, फोन उचलेना. नूतनीकरणाची तारीख हुकली आणि आजोबांच्या नावाची पाटी दुसऱ्याच कुणीतरी घेतली. आता आम्ही नावामागे 'कोल्हापूर' लावून दिवस काढतोय.

दुसरी: सामान हलवताना काय येतं आणि काय मागे राहतं. मालाची यादी, गिऱ्हाइकांचे पत्ते, जुन्या ऑर्डरी हे सगळं फाइल काढून नेता येतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ते उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतो, भाडेपावती ठेवावी तसं. सजावट येत नाही, शॉपिफायची थीम त्यांच्या लिक्विड नावाच्या भाषेत असते, बाहेर ती निरुपयोगी. गिऱ्हाइकांचे पासवर्ड येत नाहीत, ते यायलाही नकोत. आणि सगळ्यात जास्त दुखलं ते पत्त्यांनी. शॉपिफायवर प्रत्येक वस्तूच्या पानाच्या पत्त्यात 'प्रॉडक्ट्स' हा शब्द येतोच, बदलता येत नाही. वूकॉमर्सवर मुळात तो 'प्रॉडक्ट' असा एकवचनी. एका एस ने घोळ घातला. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणाऱ्या पाट्या लावायच्या राहिल्या आणि गूगलवरून येणारी गिऱ्हाइकं दोन महिने 'पान सापडले नाही' बघून परत गेली.

तिसरी: पाय. चपलेचं माप चुकलं की परत येते. ते तुम्हाला नाही, सुखी आहात. पण आरटीओ तुम्हालाही आहे.

रातांबा | मंगळवार, रात्री १०:२०

आरटीओ? आमच्याकडे एकच स्कूटर आहे आणि तिचे कागद नीट आहेत.

चप्पलकार | मंगळवार, रात्री १०:२४

हा हा, ताई, ते आरटीओ नव्हे. 'रिटर्न टू ओरिजिन'. घरपोच पैसे देतो म्हणून मागवतात, आणि कुरियरवाला दारात गेला की "आम्ही नाही मागवलं" म्हणतात, नाहीतर फोनच उचलत नाहीत. पार्सल परत. जाण्याचं भाडं आणि येण्याचं भाडं, दोन्ही आपलं.

सर्व्हरवाला_नाना | मंगळवार, रात्री १०:५०

यावरून आपल्याच देशातली एक गोष्ट. दिल्लीत २०१२ मध्ये कार्टरॉकेट नावाची कंपनी निघाली, छोट्या व्यापाऱ्यांना ऑनलाइन दुकान बांधून देणारी. म्हणजे शॉपिफायचाच धंदा. आज ती शिपरॉकेट म्हणून ओळखली जाते, २०१७ पासून, आणि काम आहे वेगवेगळ्या कुरियर कंपन्यांना एका जागी जोडायचं. दुकानदारांना दुकान मिळालं होतं, पार्सल पोचत नव्हतं. विकणाऱ्यालाच कळलं दुखणं कुठे आहे ते. वाडीतल्या झीलने सकाळी ९:१० ला हेच सांगितलं होतं, गुंतवणूकदारांचे पैसे न घेता.

गूळपोळी | बुधवार, सकाळी ८:१५

कुरियरवरून आठवलं, कुरडया! ताई, कुरियरवाले वजन दोन प्रकारे काढतात. काट्यावरचं, आणि आकारावरचं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले साधारण ५०००. जे जास्त भरेल त्याचे पैसे. ३० बाय २५ बाय २० चा खोका म्हणजे १५०००, भागिले ५००० म्हणजे तीन किलो. आत एक किलो कुरडया असल्या तरी तुम्ही तीन किलोचं भाडं भरताय. आमच्या चिवड्याने पहिल्या वर्षी असाच आम्हाला धुतला. खोका घट्ट बसणारा घ्या आणि वजनाच्या रकान्यात खोक्यासकट आकडा भरा, नाहीतर सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडून कमी पैसे घेतं.

ओटाव्यातली_थंडी | बुधवार, सकाळी ८:४०

आणि शोधाचे शब्द! मी इथून माहेरी पाठवायला ऑर्डर करते तेव्हा 'kokam' टाइप करू की 'kokum', की 'कोकम', की 'आमसूल'? तुमच्याकडे सुकवलेल्या सालाला सोलं म्हणतात ना? वस्तूला टॅग लावायची सोय असते, तिथे ही सगळी नावं घाला. एका जागी मला 'आमसूल' शोधल्यावर काही सापडलं नाही, आणि समोर पहिल्या पानावर आमसुलांचा फोटो होता.

मोडीवाचक | बुधवार, सकाळी ८:५५

रोमन लिपी वापरल्याबद्दल निषेध. बाकी मुद्दा मान्य.

पेठेतला | बुधवार, सकाळी ९:३०

सपोर्टचं कुणी बोललं नाही. २०२३ मध्ये बेंगळुरूच्या 'दुकान' याच नावाच्या कंपनीच्या प्रमुखाने जाहीर केलं होतं की मदत करणाऱ्यांपैकी ९० टक्के लोक काढून चॅटबॉट बसवला. घेण्याआधी रात्री एकदा त्यांना प्रश्न विचारून बघा, कोण उत्तर देतं ते.

हिशोबनीस | बुधवार, सकाळी ९:४१

पेठेतले चक्क उपयुक्त बोलले. तारीख नोंदवून ठेवा.

रातांबा | पाच महिन्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६:०५

धागा वर काढतेय, कळवायचं राहिलं होतं. सगळ्यांना दंडवत.

आधी डोमेन घेतलं, माझ्या नावाने. मग झीलचं ऐकून कुरियरवाल्याला विचारलं. तो वाडीत येत नाही, बांद्याला नाक्यावरच्या दुकानात पार्सलं ठेवावी लागतात, आठवड्यातून तीन दिवस. म्हणून साइटवर लिहून टाकलं, 'माल सोमवार, बुधवार, शुक्रवारी निघतो'. गंमत म्हणजे 'कधी निघालं' हे विचारणारे फोन निम्मे झाले.

जीएसटी नोंदणी केली, हिशोबनीस यांनी व्यक्तिगत निरोपात बरीच मदत केली (कोकम पोचलं ना?). दुकान शेवटी भाड्याचंच घेतलं. नाना, दहा टक्क्यांचा हिशेब जावेला दाखवला. ती म्हणाली, वर्षभरात शंभर ऑर्डरी नाही झाल्या महिन्याला तर सोडून देऊ, पण रात्री अकरा वाजता सर्व्हर बघत बसणं मला जमायचं नाही. भाच्याने ईमेलचा रकाना सक्तीचा ठेवला होता, तो काढायला लावला. आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना ईमेल नाही, मोबाइल नंबर पुरतो. पत्त्याच्या खाली 'खूण' असा रकाना वाढवला. लोक त्यात 'मारुतीच्या देवळामागे, निळा दरवाजा' असं लिहितात, आणि कुरियरवाला तेवढंच वाचतो.

घरपोच पैशांची सोय पहिल्या महिन्यात ठेवली होती. बावीसपैकी पाच पार्सलं परत आली. आता आधी शंभर रुपये भरा, उरलेले दारात द्या, असं केलंय. मागच्या महिन्यात एकूण ६३ ऑर्डरी, परत आलं एक. तेही खरंच आजोबा गावाला गेले होते म्हणून.

वही अजून आहे. जाऊ रोज रात्री साइटवरच्या ऑर्डरी तिच्यात उतरवते. मी काही बोलत नाही.

आता नवीन दुखणं. आगळाच्या बाटल्या पाझरतात. झाकण घट्ट, वरून टेप, तरी खोका लाल होऊन पोचतो. कोकमाचा डाग, तुम्हाला माहीतच आहे. काय करावं?

गूळपोळी | रविवार, सायंकाळी ६:३०

झाकणाखाली फॉइलचं इंडक्शन सील (यंत्राच्या उष्णतेने तोंडाला चिकटणारी चकती) लावा. हाताने दाबायचं छोटं यंत्र मिळतं. बाटलीचं तोंड आधी कोरडं पुसून घ्या, ओलं असेल तर चिकटत नाही.

वाडीतलो_झील | रविवार, सायंकाळी ६:४४

नि बाटली काठोकाठ भरू नको गो. दोन बोटां रिकामी सोड.